धाकटीच्या डोळ्यांतले थेंब

माझ्या चष्म्याचा नंबर उणे नऊ आहे. सकाळी चष्मा हाताला लागेपर्यंत दाराशी उभी असलेली आई आणि दाराला टांगलेला टॉवेल यांतला फरक मला कळत नाही. हे रडगाणं नाही. पुढे जे सांगणार आहे ते नीट कळावं म्हणून आधी सांगते.

माझी धाकटी बहीण मैत्री. तिचा नंबर उणे पावणेतीन आहे. तो कदाचित दोनवर, फार तर सव्वादोनवर थांबला असता. थांबला नाही, आणि त्यात माझा हात आहे.

ज्यांच्या घरी लहान लेकराच्या डोळ्यांत रोज थेंब टाकायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांच्या घरात एका लेकराला मिळालं आणि दुसऱ्याला मिळालं नाही, त्यांनी तर वाचावंच.

पडद्याला भोक

आम्ही पांढरकवड्यात राहतो, हायवेपासून दोन गल्ल्या आत. बाबा ट्रकवर ड्रायव्हर आहेत, कधी नागपूर तर कधी हैदराबाद. आई अंगणवाडीत मदतनीस. मी बावीस वर्षांची, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कामाला. मैत्री माझ्यानंतर तेरा वर्षांनी झाली, त्यामुळे घरात तिचं कौतुक जरा जास्तच.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले. बाजूला वीज चमकल्यासारखं व्हायचं. आठवडाभर मी कोणाला सांगितलं नाही, वाटलं उन्हाने होत असेल. शेवटी आईने मला यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी केली, आत बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की पडद्याला बारीक भोक पडलंय. नंबर वाढतो म्हणजे डोळा मागच्या मागे लांबत जातो, आणि आतला पडदा ताणून पातळ होतो. वेळेवर आलात म्हणाल्या. त्याच दिवशी लेझर केलं. दुखलं फार नाही, पण त्या हिरव्या उजेडात मी आईचा हात इतका दाबला की तिच्या बांगडीचा वण माझ्या तळव्यावर उमटला.

सगळं झाल्यावर मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कोणी लहान आहे का?"

"हाय ना, लहानी हाय," आई म्हणाली. "पण तिले चांगलं दिसते. थे तं दुरून गाड्यांचे नंबर वाचते."

"तरी घेऊन या."

गाड्यांच्या नंबरांचं असं की बाबा घरी असले की संध्याकाळी आम्ही तिघं हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर बसायचो. येणारा ट्रक कुठल्या राज्याचा, हे जो आधी सांगेल तो जिंकला. मी या खेळात जन्मात खरी जिंकले नाही. माझ्या लहानपणी बाबा मुद्दाम हरायचे, ते मला कळायचं आणि राग यायचा. मैत्री मात्र चार वर्षांची असल्यापासून फटाफट सांगायची आणि बाबा तिला खांद्यावर घ्यायचे. माझ्या पोटात दुखायला तेव्हापासूनच सुरुवात झाली होती, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात मैत्रीला यवतमाळला नेलं, बाबाही सोबत आले. तक्त्यावरच्या तिसऱ्या ओळीवर ती थांबली. म्हणाली, "इथून पुढं मुंग्या हायेत."

मॅडम हसल्या. आई हसली नाही. "अवं, मंग तू गाड्यांचे नंबर कशी वाचत होती?"

"वाचतच नव्हती. गाडीचा रंग पाहून सांगत होती. तेलंगणाच्या गाडीले कसे रंग असते, पंजाबच्या गाडीले कशे गोंडे असते."

बाबा कपाळावर हात मारून खाली बसले. नंबर निघाला उणे दोन, दोन्ही डोळ्यांचा. नवव्या वर्षी दोन म्हणजे माझ्याच वाटेने चालली होती.

मग मॅडमनी त्या थेंबांचं सांगितलं. बाहुली मोठी करायला जे औषध वापरतात तेच, पण अगदी पातळ केलेलं. झोपण्याआधी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, निदान दोन-तीन वर्षं. यानं नंबर उतरत नाही, चष्मा सुटत नाही, पण वाढायचा वेग कमी होतो. सगळ्याच मुलांना सारखा गुण येत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासायचं.

मी विचारलं, "हे माझ्या वेळी होतं का?"

"तुमच्या वेळी इकडे फारसं कोणी देत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आणि आता तुम्हाला उपयोग नाही. डोळा वाढत असतो त्या वयातच याचा फायदा."

चांगल्या बहिणीला अशा वेळी हायसं वाटलं असतं. मला वाटलं, हिलाच का? माझ्या डोळ्याला भोक पडलं म्हणून हिची तपासणी झाली, आणि औषध मात्र हिला. पिकवलं मी आणि खाणार ही.

माझ्या वेळी

मला चष्मा लागला चौथीत. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मी शेजारणीच्या वहीतलं उतरवायचे आणि सर मला कॉपी करते म्हणून उभं करायचे. चष्मा आल्यावर गल्लीतल्या बायकांनी आईला शिकवलं की चष्मा लावला का नंबर वाढते, पोरीला सवय लावू नको. आईला ते पटलं. शाळेतून आले की ती माझा चष्मा काढून घ्यायची आणि फळीवरच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. सकाळी शाळेला जाताना परत द्यायची. चष्म्याला तुरीच्या डाळीचा वास यायचा. शिवाय गाजरं झाली, डोळ्यांत गुलाबजल झालं, पहाटे दवावर अनवाणी चालणं झालं. त्यात तिची माया होती, मला माहीत आहे. पण नंबर काही माया पाहून थांबला नाही.

बारावीनंतर मी पोलीस भरतीच्या तयारीला मैदानावर जाऊ लागले. धावण्यात मी पहिल्या तीनांत असायचे. चष्म्याला मागून नाडी बांधून पळायचे. एक दिवस शिकवणाऱ्या सरांनी माझा चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला, लगेच काढला आणि म्हणाले, "पोरी, तुह्ये पाय पास हायेत, पण मेडिकलले हे डोळे चालणार नाईत. उगा जीव नको जाळू." मी फॉर्मही भरला नाही. आता त्याच भरतीचे फॉर्म मी दुकानात दुसऱ्यांना भरून देते.

रोजचं काम

आईला डोळ्याला हात लावायची भीती वाटते. लेझरनंतर मी स्वतःच्या डोळ्यांत थेंब टाकायला शिकले होते, म्हणून मैत्रीचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या घरी दिवे लागल्यावर आई बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते आणि आम्ही तिघी वंदना घेतो. मग जेवण, आणि मग मैत्री माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी व्हायची. खालची पापणी हलकेच ओढायची, एक थेंब टाकायचा, डोळा मिटायला लावून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा. थेंब टाकला की ती पाय झाडायची, कारण जरासं झोंबतं. सुरुवातीला उन्हात तिचे डोळे दिपायचे, त्यावर आईने टोपी आणली. बाटली उघडली की महिनाभरच वापरायची, मग उरलं तरी टाकून द्यायची. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर बाकी काही अवघड नाही.

थेंब टाकून झाले की आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण करायला सांगितली होती. दुधाचा खाडा लिहितात त्याच कॅलेंडरवर. खुणेचं काम माझं. महिना संपला की आई ते पान फाडून घडी करून ठेवायची, मॅडमला दाखवायला.

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, की हिला रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या. म्हणजे हिला डॉक्टरच्या सांगण्यावरून खेळायला मिळणार! हिच्या वयात मी पडेन, ठेचकाळेन म्हणून घरात बसवलेली असायचे. ती लाल फ्रेमचा चष्मा लावून गल्लीभर हुंदडायची आणि आई ओट्यावरून पाहत राहायची. तो चष्मा तिच्या नाकावरून कधी कोणी काढला नाही. मी ते पाहायचे आणि जळायचे. दुसरा शब्द नाही.

तरी मी थेंब टाकत होते. दिवाळी झाल्यावर पहिली तपासणी झाली. नंबर जिथल्या तिथे, दोनच. आईने अंगणवाडीत पेढे वाटले. संध्याकाळी तिच्याबरोबर काम करणाऱ्या सेविकाबाई घरी आल्या. मी आत कणीक भिजवत होते आणि बाहेर आई त्यांना सांगत होती, "मोठीचं तं आता गेलंच, बाई. लहानीचं तरी वाचवून राह्यलो."

मोठीचं तं गेलंच. इतकं सहज, एखादं भांडं फुटल्यासारखं. मी कणकेत पाणी जास्त घातलं आणि त्या दिवशीच्या पोळ्या कोणाला खाता आल्या नाहीत.

मी काय केलं

त्याच दिवशी मी तिला थेंब टाकले नाहीत. म्हणजे टाकले, पण दुसरे. माझे डोळे कोरडे पडतात म्हणून मला साधे थेंब दिलेले होते. तेच तिच्या डोळ्यांत टाकले.

मैत्रीने पाय झाडले नाहीत. म्हणाली, "ताई, आज झोंबलंच नाई! आजचं औषध चांगलं हाय."

मी म्हटलं, "तुले सवय झाली आता." आणि कॅलेंडरवर खूण केली.

एकच दिवस करायचं होतं. पण दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्याही. खरी बाटली भरलेली दिसू नये म्हणून तिच्यातले थेंब मोरीत पिळायचे. वंदनेत रोज पंचशील म्हणताना चौथं शील यायचं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. ते मी मोठ्याने म्हणायचे आणि तासाभराने खोटी खूण करायचे. लाज वाटायची का? वाटायची. पण लाजेच्या वर आणखी काहीतरी वाटायचं. घरात मी एकटीच उणे नऊ राहणार नाही, असं वाटायचं. कोणीतरी मला सोबत येईल. हे लिहिताना हात जड होतोय, पण हेच वाटायचं.

संक्रांतीनंतर शाळेत धावण्याच्या शर्यती झाल्या आणि मैत्री पहिली आली. तिने चष्म्याला मागून नाडी बांधली होती. कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "तुह्या जुन्या फोटोत हाय ना, मैदानावरच्या."

त्या दिवशी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. उलट जास्तच पेटले, की माझी नाडीही हिने घेतली.

कॅलेंडरची पानं

उन्हाळा लागला तेव्हा दुसरी तपासणी आली. बाबा मुद्दाम सुटी काढून आले होते. मैत्री खुर्चीवर बसली आणि या वेळी दुसऱ्याच ओळीला मुंग्या सुरू झाल्या. मॅडमनी मशीनवर डोळ्याची लांबी मोजली, पुन्हा मोजली. नंबर उणे पावणेतीन.

"एवढं वाढायला नको होतं," मॅडम म्हणाल्या. "थेंब रोज टाकता ना?"

आईने पिशवीतून घडी केलेली पानं काढली. मॅडमच्या टेबलावर एकेक उलगडून, हाताने सपाट करून ठेवली. "पाहा मॅडम. एकबी दिवस खाडा नाई. माह्या पोरीनं तापात असतानीबी टाकले."

माझ्या पोरीने. ती माझ्याबद्दल बोलत होती. अभिमानाने.

मॅडम पानं पाहत राहिल्या. "इतक्या नियमाने कोणी टाकत नाही. मग बहुतेक हिला या औषधाचा गुण येत नसावा. काही मुलांना येत नाही."

"मंग कायले टाकाचे?" बाबा म्हणाले. "उगा लेकराच्या डोळ्यात रोज औषध घालून राह्यलो. बंद करा ना."

"बंद करता येईल," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

मी गप्प बसले असते तर कोणाला कधीच कळलं नसतं. कॅलेंडर माझ्या बाजूने होतं, आई माझ्या बाजूने होती. थेंब बंद झाले असते, दोष औषधाला गेला असता आणि माझी सुटका झाली असती. मैत्री खुर्चीवरून पाय हलवत माझ्याकडेच पाहत होती. चष्मा काढलेला होता, म्हणजे तिला मी धूसरच दिसत असणार. मला ते धूसर दिसणं माहीत आहे. समोरचा माणूस हसतोय की रागावलाय, ते अंदाजानेच धरायचं असतं. आणि ती अंदाजाने माझ्याकडे पाहून हसली.

"औषध बंद करू नका," मी म्हणाले. "तिच्या डोळ्यांत ते गेलंच नाही. दिवाळीपासून मी टाकलंच नाही. खुणा खोट्या आहेत."

"म्हणजे?" बाबा म्हणाले. "काहून?"

"मला मिळालं नाही म्हणून."

आईने टेबलावरची पानं गोळा केली, पुन्हा त्याच घड्यांवर घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मॅडमनी चष्म्याचा नवा नंबर लिहिला, खाली तेच थेंब लिहिले आणि मला एवढंच म्हणाल्या, "आज सांगितलंत ते बरं केलंत. जे वाढलं ते आता उतरणार नाही. पण पुढचं हातात आहे."

ते वाक्य मी रोज एकदा तरी आठवते. जे वाढलं ते उतरणार नाही.

नंतर

यवतमाळहून येताना एसटीत आई मैत्रीला घेऊन पुढच्या सीटवर बसली. बाबा दारापाशी उभे राहिले, सीट रिकामी असून. घरी चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं होतं. बाबा गाडीवर निघून गेले. थेंब टाकायचं काम आईने घेतलं. भीतीने ती स्वतःच डोळे मिटून घ्यायची आणि निम्मे थेंब मैत्रीच्या गालावर पडायचे.

पाचव्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. आई समोर येऊन बसली. तिच्या हातात डाळीचा डबा होता.

"याच डब्यात ठेवत होती ना मी तुहा चष्मा?"

मी मान हलवली.

"मले जे सांगतलं थे केलं. तुह्यासाठीबी केलं, तिच्यासाठीबी केलं. तुह्या वेळेस मले चुकीचं सांगणारे भेटले. तू जाणूनबुजून केलं, अन् म्या न जाणता. पण पोरी, तुह्ये डोळे म्याच खराब केले, असं मले रोज वाटते. म्हणून तं तुह्याकडं पाहून बोलतच नाई मी त्याबद्दल. दुसऱ्याजवळ म्हणतो, गेलंच म्हणून."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते वाक्य माझ्याबद्दल नव्हतं. नंतर मी मॅडमना फोन करून विचारलं, चष्मा काढून ठेवल्याने माझा नंबर वाढला का. त्या म्हणाल्या, त्याने भलं झालं नाही, पण सगळा दोष त्याचा नाही, आईला सांगा. मी आईला सांगितलं. तिने ऐकलं, पण पटवून घेतलं असं वाटत नाही.

मैत्रीला कोणी काही समजावलं नव्हतं, पण ती त्या खोलीत होती, तिने सगळं ऐकलं होतं. दोन आठवडे तिने मला ताई म्हणून हाक मारली नाही. मग एक दिवस वंदना झाली, जेवणं झाली, आई बाटली घेऊन बसली आणि पहिला थेंब कानात गेला. मैत्री उठली. बाटली आईच्या हातातून घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू टाक. आईचा नेम नाई."

मी बाटलीवरचं नाव तिला वाचायला लावलं. तिने अक्षर अक्षर लावून वाचलं, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी पापणी ओढली, थेंब टाकला. तिने पाय झाडले.

"झोंबलं?"

"हो. खरंच हाय."

माझी जळजळ गेली का, असं कोणी विचारलं तर नाही गेली. ती टपरीवर बसून नव्या चष्म्यातून खरोखरचे नंबर वाचते आणि बाबांना हरवते, तेव्हा अजूनही पोटात दुखतं. दुखतं तसं दुखू द्यावं, फक्त त्या दुखण्याच्या हातात बाटली देऊ नये, एवढं मी शिकले.

त्या दिवशी दोन्ही डोळे झाले. मी सवयीने कॅलेंडरकडे हात केला. मैत्री डोळे मिटूनच उठून बसली आणि तिने माझ्या हातातला पेन काढून घेतला.

"थेंब तू टाकत जा," ती म्हणाली. "खूण मी करीन."